मागच्या झाकणाचे चार स्क्रू

१

त्या रविवारी बाबा फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरून धाकटीला साफ करत बसले होते.

धाकटी म्हणजे त्यांची हत्यारांची बॅग. घरात मुलगी एकच, तरी तिला सगळे थोरली म्हणत; कारण विचारलं की बाबा बॅगेकडे बोट दाखवत. "ही तुझ्या पाठची. तुझ्यापेक्षा जास्त फिरलीय आणि तुझ्यापेक्षा कमी बोलते." एकतीस वर्षं ही धाकटी त्यांच्या खांद्यावर होती. आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मग नोकरी सांभाळून केलेली इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, मग वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत फिल्ड इंजिनिअर. चौदा हॉस्पिटलं त्यांच्याकडे होती. कुठला मॉनिटर आंधळा झाला, कुठलं व्हेंटिलेटर दमलं, की बाबा मिळेल ती बस पकडून निघत. डॉक्टरांची नावं दारावरच्या पाटीवर असतात. यांना वॉर्डात नुसतं 'मशीनवाले काका' म्हणत, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

थोरली खिडकीपाशी भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा.

"थोरले, जांभळी घट्ट झाली गं," बाबा एक छोटी बाटली उन्हात धरून म्हणाले.

बाटली नेलपॉलिशची होती. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत बाबा रंगाची एक बारीक रेघ ओढत. पुढे कुणी तो स्क्रू फिरवला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. वर्षाला एक रंग. मशीन ज्या वर्षी उघडलं त्या वर्षीचा रंग, आणि जुनी रेघ आधी पुसून काढायची. तीन वर्षांपूर्वी हिरवा होता, मग निळा, मग नारिंगी, यंदा जांभळा. रंग निवडायचं काम थोरली बारा वर्षांची असल्यापासून तिच्याकडे होतं.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली," आई आतून म्हणाली, "माझ्या नखाला कधी रंग लागला नाही. ह्यांच्या स्क्रूंचे मात्र लाड."

"ढिला होईल त्याला खूण करावी लागते. तुझा एकही ढिला नाही."

"आधी स्वतःचे मोजा."

बाबा हसले आणि चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या कपाळावरच होता. हल्ली असं व्हायचं. थोरलीनं ते पाहून ठेवलं.

"मागच्या आठवड्यात एका हॉस्पिटलात चार नंबरचं व्हेंटिलेटर बाद करून आलो," ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तिथल्या मोठ्या साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पण वीज गेली की ते गपकन थांबतं, आणि ओरडतसुद्धा नाही. मुकं मशीन वॉर्डात ठेवायचं कसं?"

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "कुठलं? तीन नंबर? नक्की तीन?" आणि ते खुर्चीत न बसता जमिनीवरच बसले.

२

झालं होतं ते असं. त्या हॉस्पिटलात न्यूमोनिया झालेला बेचाळीस वर्षांचा एक बसचालक व्हेंटिलेटरवर होता. सकाळी क्षणभर वीज गेली. मशीन थांबलं, अलार्म वाजला नाही, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला. मशीन तीन नंबरचं. अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, त्याची तपासणी करून 'उत्तम' असा शेरा मारणारी सही बाबांची.

बाबा त्याच दिवशी तिकडे गेले. मशीन कुलूपबंद खोलीत ठेवलं होतं, त्यांना ते बघूही दिलं नाही. बॅग मात्र ठेवून घेतली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते रिकाम्या खांद्यानं घरी आले.

मग सहा दिवस ते खुर्चीत बसून होते. मधूनच उजवा हात हवेत फिरे, न दिसणारे स्क्रू आवळल्यासारखा. "फिल्टर बदलला. बॅटरी बदलली. प्लग काढून बघितलं. अलार्म वाजला. वाजला होता गं थोरले." थोरली मान हलवायची. तिला आठवायचा तो कपाळावरचा चष्मा, आणि चहात दोनदा पडलेली साखर.

शनिवारी दुपारी आई पाणी घेऊन गेली तेव्हा हात मांडीवर पडलेला होता.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलचं पत्र आलं: चौकशी संपत आली आहे, अहवाल सादर होणार आहे, मयताची बॅग वारसांनी सही करून घेऊन जावी. आईनं पत्र दोनदा वाचलं.

"अहवालात काय लिहिणार ते?"

"लिहितील काहीतरी."

"काहीतरी नाही. निष्काळजीपणा लिहितील. त्या माणसाच्या बायकोला तेच वाचून दाखवतील." आईनं पत्राची घडी घातली. "तू जा. तू वाचतेस ना लोकांचं लिहिलेलं? हेही वाच."

थोरलीला जायचं नव्हतं. ती दमली होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. वाचायला गेलं आणि चूक खरंच सापडली तर?

३

चौकशी अधिकारी निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. टेबलावर फायलींचा ढीग, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, आवाज बसलेला. धाकटी खिडकीखाली ठेवली होती, दोरीनं बांधलेली.

"यादी तपासून घ्या मॅडम आणि इथं सही करा. संध्याकाळी अहवाल पाठवायचाय."

"मला फाइल बघता येईल?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते भांडणाची तयारी करत होते असं वाटलं, मग त्यांनाच कंटाळा आला. "बघा. मी चहा सांगतो. पण एक सांगू का? तुमच्या वडिलांबद्दल सगळे चांगलंच बोलतात. माणसाच्या हातून होतं. वयही झालं होतं."

"कशावरून ठरवलंत?"

"मशीनवरूनच. मागच्या झाकणावर चार स्क्रू आहेत. त्यांच्यावर ते रंगाच्या रेघा ओढायचे, सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. आम्ही बघितल्या. चारही अखंड आहेत. म्हणजे त्यांच्यानंतर मशीनला कुणाचा हात लागलेला नाही. मग चूक दुसऱ्या कुणाची ठरवणार?"

बाबांची खूणच बाबांच्या विरुद्ध साक्ष देत होती. थोरलीनं चहाचा कप बाजूला सारला आणि फाइल उघडली. झाकणाचा मोठा रंगीत फोटो पहिल्याच पानावर होता. पाटीवर आकडा तीन. चार स्क्रू, चार नीट, सरळ रेघा. बाबांनीच ओढल्यासारख्या.

तिनं फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

रेघा जांभळ्या होत्या.

४

"त्यांचा गुरुवारचा रिपोर्ट कुठंय?"

अधिकाऱ्यांनी पान काढून दिलं. बाबांचं अक्षर, ठसठशीत. फिल्टर बदलला. बॅटरी बदलली, बाजूच्या कप्प्यातून. अलार्म तपासला. आणि खाली, नेहमीप्रमाणे, न केलेल्या कामाचीही नोंद: मागचे झाकण उघडले नाही, दहा हजार तासांशिवाय गरज नाही. मशीनचे तास: ६१४०.

"हे तास म्हणजे?"

"गाडीच्या किलोमीटरसारखं. मशीन एकूण किती चाललं ते आतल्या सर्किट बोर्डात साठतं. स्क्रीनवर दिसतं."

"मागचं झाकण उघडलंच नव्हतं. मशीन तीन वर्षांपूर्वी बसवलं, इथं फाइलीतच आहे; तेव्हाचा रंग हिरवा होता. रेघा हिरव्या असायला हव्यात."

"रंगाचं काय मॅडम, हाताशी असेल ती बाटली."

"बाटली मी निवडायची," थोरली म्हणाली. तिला आपला आवाज शाळेतल्या बाईंसारखा वाटला. "अपघातानंतर स्क्रीनचा फोटो काढलात?"

फोटो होता. मधोमध बिघाडाची लाल ओळ. सगळ्यांनी तीच वाचली होती. थोरलीनं सवयीनं कोपरे वाचले. खाली उजवीकडे, मुंगीएवढ्या अक्षरांत, २१८७४.

ती खालच्या वॉर्डात सिस्टरला भेटायला गेली, तेव्हा अधिकारी कागदावर अकराला चोवीसनं गुणत होते.

सिस्टर पन्नाशीच्या, पायाला पट्टी बांधून हिंडत होत्या. "काकांची लेक ना? नाक सांगतंच." त्यांनी स्टूल पुढे केलं. "मी शेजारच्या बेडला होते. वीज गेली, आली. काही वाजलं नाही म्हणून वळले नाही. वळले तेव्हा... वीस मिनिटं हातानं श्वासाचा फुगा दाबला मी. अजून मनगट दुखतं."

"गुरुवारी बाबा आले तेव्हा तुम्ही होतात?"

"होते की. प्लग खेचला नि ते मशीन असं बोंबललं की मी कान झाकले. काका म्हणाले, सिस्टर, ह्याचा गळा तुमच्यापेक्षा बरा आहे." त्या थांबल्या. "हो. वाजला होता तो."

"हे चौकशीत सांगितलंत?"

"मला विचारलं ते एवढंच, की तुम्ही कुठे होतात. वाजलं होतं का ते कुणी विचारलंच नाही."

थोरली उठली. बाबांनी सहा दिवस स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका स्टुलावर, दोन मिनिटांत मिळालं होतं.  पण आता थांबून चालणार नव्हतं. ज्या मशीनचा अलार्म वाजतो ते मशीन त्या बेडजवळ नव्हतंच. मग ते गेलं कुठे?

५

"दोनशे चौसष्ट," अधिकारी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "अकरा दिवसांत मशीन एक क्षणही बंद केलं नाही तरी दोनशे चौसष्ट तास. सहा हजारांचे एकवीस हजार होत नाहीत."

"आणि वीज गेल्यावर आवाज न करता थांबणारं मशीन इथं एकच होतं. चार नंबर. त्याच गुरुवारी बाबांनी बाद केलेलं."

"ते स्टोअरमध्ये आहे. मी स्वतः पाहिलंय. चिठ्ठी लावलेली आहे."

"पाटी कुठे असते मशीनची?"

त्यांनी झाकणाचा फोटो पुन्हा उचलला. पाटी मागच्या झाकणावर असते. झाकण चार स्क्रूंवर असतं. आणि दोन्ही मशीन एकाच कंपनीची, एकाच मापाची.

स्टोअर तळघरात होतं. मोडक्या खाटा, गंजलेले सलाइनचे स्टँड, आणि कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली चार नंबर. चिठ्ठी बाबांच्याच अक्षरातली: बाद. वापरू नये. थोरलीनं चादर काढली. मागच्या चार स्क्रूंवर चार जांभळ्या रेघा होत्या, तितक्याच सरळ.

"लावा प्लग," अधिकारी म्हणाले.

मशीन जागं झालं. पडदा उजळला आणि तळघरात कुणीतरी झोपेत घ्यावा तसा एक लांब, शांत श्वास ऐकू आला. मग दुसरा. कोपऱ्यातला आकडा ६३३८ होता. अधिकाऱ्यांनी प्लग खेचला, आणि त्या मेलेल्या मशीननं असा टाहो फोडला की वरच्या जिन्यावरून कुणीतरी धावत आलं.

"कुणी केलं असेल?" अधिकारी हळू आवाजात म्हणाले. "साहेब? स्टोअरवाला? स्क्रूड्रायव्हर कुणीही फिरवू शकतो."

"फिरवेल कुणीही. पण काम झाल्यावर रेघ कोण ओढेल? चोर दार उघडतो, परत रंगवत बसत नाही." थोरली भिंतीला टेकली. पुढचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. "माझ्या माहितीत असे दोघेच. एक आता नाहीत."

६

दुसऱ्याला बाबा उस्ताद म्हणत. बावीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलचा तंत्रज्ञ म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी त्यानं अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला, तेव्हापासून. हाताला धरून बाबांनीच त्याला शिकवलं. बाबा गेले त्या दिवशी सगळ्यांत आधी आला होता आणि सगळ्यांत उशिरा गेला होता.

तो जिन्याखालच्या खोलीत रक्तदाबाचं यंत्र उघडून बसला होता. तिला बघून उठला. "ताई, बसा ना. चहा सांगू?"

"नको. तळघरातून येतेय."

तो बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "वाजलं ते तेच होतं तर."

"रेघा छान ओढल्यात."

"सरांनी शिकवलंय."

"कोणासाठी केलंत?"

"साहेबांनी सांगितलं. एका बड्या माणसाच्या आईला घरी व्हेंटिलेटर हवं होतं, आठवडाभर. कागदावर नको. त्यात मशीनच्या मोजणीला वरून माणसं येणार होती. तीन नंबर जाग्यावर दिसायला हवं. झाकणं बदलली. खरं तीन आठवड्यानं परत आलं, ते चारची पाटी नि सरांची चिठ्ठी लावून तळघरात ठेवलं." त्याची बोटं टेबलावरचा एक बारीक स्क्रू फिरवत होती. "वर राहिलेल्या बिघडलेल्यावर मी चिठ्ठी लावली होती ताई, वापरू नका म्हणून. मोजणीच्या दिवशी काढली. ती माणसं गेली नि परत लावायची राहिली. दुसऱ्या दिवशी मला तापानं सुटी. बेड भरले तसं ते मशीन कुणीतरी ओढून घेतलं. पाटीवर तीन होतं. त्यांची काय चूक?"

"आणि नंतर परत बदलता आलं नाही, कारण खोलीला कुलूप लागलं."

त्यानं मान हलवली.

"हिरव्या रेघा ओढल्या असत्यात तर मला काही कळलं नसतं."

"हिरवी बाटली आहे माझ्याकडे. खणात." तो खण उघडायला गेला, उघडला नाही. "हात धजला नाही. उघडलं त्या वर्षीचा रंग. सरांसमोर खोटा रंग कधी लावला नाही."

"सर समोर नव्हते."

"माझ्या असतात."

थोरलीला राग यायला हवा होता. तो कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटत होता. "त्यांना फोन का नाही केलात?"

"रोज करणार होतो. पहिल्या दिवशी वाटलं साहेब सांगतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, चौकशीत निघेलच. तिसऱ्या दिवशी नंबर लावला, वहिनींनी उचलला. मी ठेवून दिला." त्यानं कोपरानं डोळे पुसले. "सोमवारी घरी येणार होतो. येऊन सांगणार होतो."

"ते शनिवारी गेले."

 मग त्यानं कोरा कागद पुढे ओढला, पेन शोधलं, आणि वरती तारीख घातली.

"सगळं लिहून देतो. साहेबांचंही. फक्त एक सांगा ताई. सरांना माझा संशय आला होता का?"

"नाही," थोरली म्हणाली. "त्यांना स्वतःचा आला होता."

७

अहवाल दोन आठवड्यांनी आला. मोठ्या साहेबांना आणि उस्तादला कामावरून दूर केलं होतं, पुढचं पोलिसांकडे. बाबांच्या नावापुढे लिहिलं होतं: तपासणी पूर्ण व निर्दोष. हॉस्पिटलनं एक प्रत त्या बसचालकाच्या बायकोला पाठवली, आणि अधिकाऱ्यांनी घरी फोन करून ते मुद्दाम सांगितलं. "एक नमुना म्हणून ठेवावा असा रिपोर्ट होता त्यांचा," ते म्हणाले. "न केलेलं कामही लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

आई दुपारच्या उन्हात कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचे सदरे अजून तिनं वेगळे केले नव्हते. आपल्या कपड्यांतच ठेवायची. थोरलीनं अहवाल वाचून दाखवला. आईनं 'निर्दोष' हा शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला.

"मला कधी शंकाच नव्हती," आई म्हणाली. "माणूस घरात पन्नास गोष्टी विसरायचा. तिथं नाही विसरायचा. मशीनपाशी गेला की त्याचं डोकं वेगळंच."

"हं."

"लोक काय काय बोलले. शेजारीपाजारी, कंपनीतले. तुझ्या काकानं तर तोंडावर म्हटलं, वय झालं होतं म्हणून. मी म्हटलं, बोलू दे. घरात आम्ही दोघी आहोत ना त्यांच्या बाजूच्या." तिनं घडी सारखी केली, हातानं दाबली. "ते सहा दिवस तू त्यांच्यापाशी बसायचीस, ते म्हणायचे वाजला होता, आणि तू मान हलवायचीस. मला तेवढाच धीर. म्हटलं, पोरीचा तरी विश्वास आहे. त्यांनाही कळत असेल ना गं ते?"

आईला फक्त 'हो' हवं होतं. तेवढं म्हणणं सोपं होतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

थोरलीनं अहवाल खाली ठेवला. आईच्या समोर, कपड्यांच्या ढिगापलीकडे, जमिनीवर बसली.

"त्यांना कळलं असणार, आई," ती म्हणाली. "मी मान हलवायचे, पण त्यांच्याकडे बघायचे नाही. मला वाटत होतं, चूक बाबांचीच आहे."